चोळी-बांगडीचं घर

केवळाबाईच्या नाकावर राग बसलेला असतो, हे लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. अडुसष्ट वर्षांची लिंगायत बाई. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि आवाज असा की चार घरं पलीकडं कुणी झोपलेलं असेल तर उठून बसावं. भाजीवाल्याची तिला शिळी मेथी दाखवायची छाती होत नाही. पण २०२३च्या जूनमध्ये कोर्टाचा बेलीफ घरातल्या सामानाची यादी करायला आला, त्या दुपारी ही बाई भिंतीला टेकून गप्प बसली होती. शेजारणींना वाटलं, तब्येत बिघडली.

बेलीफ सरळ माणूस होता. चपला बाहेर काढून आत आला, पाणी मागून प्याला आणि लिहीत सुटला. छताचे पंखे दोन. मिक्सर एक. पत्र्याचे डबे अकरा. गॅसची शेगडी. ज्वारीचं अर्धं पोतं. मग तो मागच्या चुलीपाशी वाकला आणि लिहिलं, लोखंडी तवा मोठा, एक.

"तवा बी?" केवळाबाईनं विचारलं.

"अर्जात तसंच हाय, आजी. घर आणि घरातलं सामान."

"मग मला बी लिही की. मी बी घरातच हाय."

बेलीफानं मान वर केली नाही. महिन्याभरानं ताबा द्यायचा, तोवर यातलं काही हलवायचं नाही, एवढं सांगून त्यानं सहीसाठी कागद पुढं केला. केवळाबाईला सही येते. तरी तिनं अंगठा उठवला. असल्या कागदावर आपलं नाव लिहायची तिला किळस आली.

आता हा राग कशाचा ते सांगायचं तर त्या घरापासून सुरुवात करायला पाहिजे.

दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं चूल आणि वर एक खोली. हे घर मुळात नीलम्माचं. नीलम्मा म्हणजे केवळाबाईची थोरली जाऊ. देगलूरकडची, बोलताना मधेच कानडी शब्द टाकणारी. तिशीतच तिचा नवरा गेला, पदरी मूलबाळ नाही. सासरच्यांनी तिला हाकललं नाही, पण ताट वेगळं केलं. नीलम्मानं कुणाला बोल लावला नाही. माहेराहून येताना आणलेला परातीएवढा लोखंडी तवा तिनं चुलीवर ठेवला आणि ज्वारीच्या कडक भाकरी करून विकू लागली. कडक भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि निखाऱ्याच्या कडेला उभी करून अशी वाळवायची की महिनाभर टिकावी. सोबत शेंगाची चटणी. त्या भाकरीवर नीलम्मानं वीस वर्षांत हे घर घेतलं, स्वतःच्या नावावर. नव्व्याण्णव साली काविळीनं चार दिवसांत गेली. सासू-सासरे आधीच गेलेले. घर धाकट्या दिराकडं, म्हणजे केवळाबाईचा नवरा अण्णाराव याच्याकडं आलं. कसं आलं? कायद्यानं आलं. सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज गेला, नाव चढलं. केवळाबाई तेव्हा ऐन भरात होती. आल्या-गेल्या पाहुण्याला तिनं घर फिरून दाखवलं.

तिला एकच लेक, शिवकन्या. तिला नांदेड जिल्ह्यात भोकरला दिली. शेतीवाडी, ट्रॅक्टर, घरात दिवसातून दोनदा चहा नाही तर चारदा. लग्नाला चार वर्षं झाली आणि जावई उमरीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून जागीच गेला. मूल नव्हतं. दिवसकार्य आटोपलं आणि चौदाव्या दिवशी धाकटा दीर शेषेराव यानं वहिनीची ट्रंक जीपमध्ये टाकली. पोरीचा पायगुण वाईट, म्हणे. जीप लातूरच्या दारात आली तेव्हा शिवकन्येच्या अंगावर नेसूची साडी आणि हातात पाण्याची बाटली होती. मंगळसूत्रसुद्धा तिथंच ठेवून घेतलं होतं. केवळाबाईनं त्या दिवशी शेषेरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण तो ऐकायला शेषेराव कुठं होता!

सहा महिने शिवकन्या भिंतीकडं तोंड करून पडून होती. मग एका सकाळी तिनं माळ्यावरून चुलतीचा तवा खाली काढला, राखेनं घासला आणि चूल पेटवली. लहानपणी नीलम्माच्या मांडीला मांडी लावून ती भाकरी थापायला शिकली होती, ते हाताला आठवलं. तीन वर्षांत तिच्या भाकरीची पाकिटं ट्रॅव्हल्सच्या गाड्यांतून पुण्या-हैदराबादला जायला लागली. वरची खोली तिनंच बांधली, बापाकडून काही न घेता.

आणि इथं केवळाबाईनं ती चूक केली. चूक म्हणजे कशी? दहा माणसांना विचारा, दहाच्या दहा म्हणतील की बाई शहाणी. आपल्याकडं लेकीला चोळी-बांगडी म्हणून शेताचा एखादा तुकडा, एखादी खोली तोडून द्यायची चाल आहे. उद्या आपल्यामागं भावकीनं लेकीला उठवू नये म्हणून माणसं हे हयातीतच करतात. अण्णाराव थंड डोक्याचा. तो म्हणायचा, आपण गेल्यावर घर पोरीचंच आहे की, घाई कशाची? पण केवळाबाईला अण्णारावाच्या चुलतभावांची धास्ती. जित्या हातानं द्या, म्हणून तिनं नवऱ्याच्या मागं धोशा लावला. नागपंचमीला लेक माहेरी असते, ती तर कायमचीच माहेरी होती. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिघं कचेरीत गेली आणि घराचं बक्षीसपत्र शिवकन्येच्या नावानं नोंदवून आली. येताना केवळाबाईनं हिरव्या बांगड्या घेतल्या आणि ओसरीवर बसून विधवा लेकीच्या हातात भरल्या. गल्ली कुजबुजली. ज्याला बघवत नसेल त्यानं डोळे मिटावेत, असं तिनं मोठ्यानं सांगितलं.

अण्णाराव गेला. घरात मायलेकी राहिल्या. शिवकन्येकडून भाकरी नेणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी तिला एकदा सुचवलं की मृत्युपत्र करून ठेव. केवळाबाईनं त्या बाईंना उंबऱ्यावरूनच फैलावर घेतलं. चाळिशी न ओलांडलेल्या पोरीनं मरणाचा कागद करावा? जीभ झडो अशा बोलण्याची! शिवकन्या हसली आणि विषय तिथंच राहिला.

२०२१च्या एप्रिलमध्ये शिवकन्या गेली. तेव्हा घराघरातून माणसं जात होती. आम्हा लिंगायतांत मढं बसवून माती देतात, अंगावर विभूती, बेल. तिला तसं काही मिळालं नाही. केवळाबाईला लेकीचं तोंडही लांबूनच दिसलं.

शेषेराव तेव्हा आला नाही. सहा महिन्यांनी त्याची नोटीस आली. मयत शिवकन्या ही माझी भावजय, तिला मूलबाळ नाही, नवरा नाही, सबब तिच्या घराचा वारस मी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं केवळाबाई ऐकून होती. नोटीस हातात धरून ती वकिलाकडं निघाली ती हसतच. तिला खात्री होती की असला दावा कोर्ट दारातूनच फेकून देईल.

राजशेखर वकील तिच्या मठातलाच, नात्यानं लांबचा भाचा. त्यानं कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मग त्यानं समजावलं ते असं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता मेली, तिला मूल नाही, नवरा नाही, तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क तिच्या नवऱ्याच्या वारसांचा. त्यांच्यातलं कुणीच शिल्लक नसेल तर मग आईबापाचा नंबर. वारसा कायद्यातलं पंधरावं कलम.

"मी नऊ महिने वागवली की तिला," केवळाबाई म्हणाली.

"कायद्यात ते येत न्हाई, मावशी."

एक वाट होती, राजशेखर म्हणाला. जे आईबापाकडून वारशानं आलेलं असतं, ते मूल नसलेली बाई मेली की माहेरी परत जातं. पण वारशानं यायला हवं. तुम्ही तर अण्णारावांच्या हयातीत बक्षीस दिलंत. बक्षीस म्हणजे वारसा नव्हे.

केवळाबाईला कळायला वेळ लागला. अण्णारावानं काहीच केलं नसतं, नुसता आपल्या मरणानं मेला असता, तर घर वाचलं असतं. आपणच त्याला कचेरीत नेलं. आपणच बांगड्या भरल्या. त्या दिवसापासून तिच्या रागाला दोन तोंडं फुटली, एक भोकरकडं आणि एक स्वतःकडं.

असल्या दाव्यांना दहा-दहा वर्षं लागतात म्हणतात. हा दीड वर्षात लागला, कारण भांडायला काही नव्हतंच. चौदाव्या दिवशी हाकलून दिलेलं कोर्टाला सांगितलं, शेजाऱ्यांनी साक्ष दिली, समोरच्या वकिलानंही नाकारलं नाही. कायदा ते विचारतच नव्हता. वरच्या कोर्टात जाता येईल, पण कायदा तिथंही हाच, असं राजशेखरनं प्रामाणिकपणे सांगितलं.

बेलीफ यादी करून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी केवळाबाई बसमध्ये बसली आणि नांदेडवरून भोकरला गेली. भीक मागायला नव्हे, त्या माणसाचं तोंड बघायला. शेषेरावानं तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. घर दुमजली झालं होतं. तो शिव्या देईल, दारातून घालवील, म्हणजे आपल्यालाही तोंड सोडता येईल असा तिचा हिशेब होता. पण तो गोडच बोलत राहिला. तुमचं वय झालं, मरेपर्यंत एका खोलीत राहा म्हटलं असतं, पण घर विकायचं ठरलंय. पोरांची शिक्षणं आहेत.

"तिला तू ट्रंकेसंगट हाकलली. कोंच्या तोंडानं तिचं घर मागून राहिला रे?"

शेषेरावानं कप खाली ठेवला. "मावशी, आमी काय चोरी करून राहिलो का? कायद्यानं आलंय."

केवळाबाईच्या तोंडात शिव्यांची रास तयार होती. ती तिथंच थिजली. हे वाक्य तिनं पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण त्या वेळी तिनं ते मनातून ढकलून दिलं, चहा तसाच ठेवून उठली आणि परतीची बस धरली.

त्याच दिवसांत दिल्लीच्या विधी आयोगानं लोकांची मतं मागवली होती. लग्न, वारसा, दत्तक असले घरातले कायदे सगळ्यांना सारखे असावेत का, तीस दिवसांत कळवा. सोमवारी मठात त्याचीच चर्चा. कुणी म्हणे असावेत, कुणी म्हणे नसावेत, आणि दोन्हीकडच्यांच्या मोबाइलवर आयता मजकूर फिरत होता. बोट दाबलं की मत दिल्लीला. केवळाबाईनं एकाला विचारलं, त्यात माझ्या पंधराव्या कलमाचं काय लिहिलंय? त्यानं मजकूर वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला. काही नव्हतं. तो माणूस सकाळपासून तीस जणांकडून मतं पाठवून बसला होता आणि त्यानं स्वतः ते एकदाही वाचलेलं नव्हतं.

मग तिनं राजशेखरला गाठलं. आयोग म्हणजे काय, ते तिला उभ्या-उभ्या समजून घ्यायचं होतं. राजशेखर म्हणाला, जाणती माणसं असतात, निवृत्त न्यायाधीश वगैरे. जुने कायदे तपासतात, कुठं चुकतंय ते सरकारला लिहून देतात. ह्या कलमावरही त्यांनी लिहून दिलंय. दोन हजार आठ सालीच. बाईनं स्वतः कमावलेलं असेल तर सासरच्यांच्या बरोबरीनं माहेरच्यांनाही द्या म्हणून.

"मग?"

"मग काय, मावशी. आयोगानं फक्त सांगायचं असतं. करायचं सरकारनं."

घरात एखादी म्हातारी आत्या असते, सगळ्यांना शहाणपणाचं सांगते आणि कुणी तिचं ऐकत नाही, तसलं हे दिसतंय, असं केवळाबाई म्हणाली. पण हे बोलता-बोलता तिनं बोटांवर साल मोजलं. आठ साली शिवकन्येच्या लग्नाला वर्ष झालं होतं. जावई हिंडत-फिरत होता. म्हणजे यातलं काहीही घडायच्या आधी दिल्लीत बसून शहाण्या माणसांना कळलं होतं, की हे असं होतं आणि हे चूक आहे. त्यांनी लिहिलं, सह्या केल्या, कागद वर दिला. आणि तो कागद पंधरा वर्षं कुठल्यातरी कपाटात पडून राहिला. न कळून चुकणाऱ्याला माफ करता येतं. कळूनही बसून राहणाऱ्याला काय करायचं? तिला इतका राग आला की कोर्टाच्या फाटकाशी तिनं राजशेखरलाच झापलं, जणू कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात होती. तो ऐकून घेत राहिला.

कोर्टाबाहेर व्यंकटी टायपिंगवाल्याचं पत्र्याचं खोकं आहे. पन्नाशीचा माणूस, पूर्वी टकटक मशीन होतं, आता कॉम्प्युटर. तीस वर्षं त्यानं लोकांचे अर्ज लिहिले. केवळाबाई त्याच्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, दिल्लीला लिहायचंय, मी सांगते तसं लिही, गोड करू नको. व्यंकटीनं लिहायला घेतलं. चौदाव्या दिवसाची ट्रंक लिहिली, हिरव्या बांगड्या लिहिल्या. शेषेराव म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, हे तिनं सांगितलं तसंच लिहिलं. मग तो थांबला. कुठल्याही मिळकतीचा अर्ज लिहिताना त्याची एक पद्धत ठरलेली, मिळकत मुळात कुणाची आणि अर्जदाराकडं कशी आली, हे सुरुवातीला घालायचंच. त्याशिवाय त्याचा हात पुढं चालत नाही.

त्यानं विचारलं, "घर आदी कुणाचं, आजी? तुमच्याकडं कसं आलं?"

  

कसं आलं! नीलम्माच्या मातीनंतर महिनाभरानं तिची आई नागुबाई देगलूरहून आली होती. हातात पिशवी, उन्हानं तोंड काळंठिक्कर. केवळाबाईनं ओळखलं की म्हातारी लेकीच्या घरात हिस्सा मागायला आली. तिला वाटलं, हिला आत घेतलं की ही बसणार. म्हणून ती दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून उभी राहिली. म्हातारीनं "बाई, माझ्या लेकीचं" एवढंच म्हटलं, तर हिनं पुढं बोलूच दिलं नाही. आम्ही काय चोरी करून राहिलो का? कायद्यानं आलंय. पाण्याचा तांब्या तेवढा ओसरीवर नेऊन ठेवला. म्हातारी तांब्याला हात न लावता गेली. चोवीस वर्षांत केवळाबाईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, अण्णारावालाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"लिही," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. आयत्या बिळावरचा नागोबा पहिल्यांदा मी झाले, हेही लिहायला लावलं.

संध्याकाळी राजशेखरनं मजकूर वाचला आणि नीलम्माचा भाग काढा म्हणाला. अपिलाचं अजून ठरायचंय, शिवाय लोक काय म्हणतील? केवळाबाई म्हणाली, ते काढलं तर राहिलेलं सगळं खोटं होतं. व्यंकटीचं म्हणणं वेगळंच होतं. नागुबाई जिवंत असेल तर तिचाही अंगठा घ्या, मग कागदाला वजन येईल. मुदतीचे अजून नऊ दिवस होते.

देगलूरला तिला फार शोधावं लागलं नाही. नागुबाई जिवंत होती. नव्वदीला टेकलेली, नातवाच्या घरी खाटेवर. डोळ्यांनी अधू, कान शाबूत. नातसुनेनं केवळाबाईला आत नेलं, तांब्याभर पाणी दिलं. केवळाबाई प्याली. नाव सांगितल्यावर म्हातारी म्हणाली, बस.

केवळाबाई माफी मागायला शिकलेलीच नाही. तिनं सरळ कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. नव्व्याण्णव साली नीलम्माची आई नागुबाई लेकीचं घर मागायला आली, तिला मी दारातून परत लावलं, इथवर आली तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"हे खोटं हाय."

केवळाबाईनं कागद खाली केला.

"मी घर मागाया आलेच न्हवते. घर कामून मागू? मला कायदा काय म्हाईत? मी तवा मागाया आले होते."

"कोंचा तवा, अव्वा?"

"नीलव्वाचा. माझ्या मायचा होता तो. मायनं मला दिला, मी लेकीला दिला. म्हटलं, लेकीचा हात लागलेलं काईतरी घरात असावं." म्हातारीनं तोंड केवळाबाईकडं वळवलं. "तू बोलूच दिलं न्हाईस."

नातसून दारात उभी होती, तिनं मान फिरवली.   नागुबाईनं मग आपणहून हात पुढं केला, कुठं अंगठा द्यायचा ते दाखव, म्हणाली. तिचा त्या दिल्लीवर राग नव्हता की भरवसाही नव्हता. आलेल्या बाईचं काम अडू नये म्हणून तिनं अंगठा दिला.

परतीच्या बसमध्ये केवळाबाई खिडकीला डोकं टेकून रडली, आणि रडताना दातओठ खात होती. शेजारच्या बाईनं विचारलं, तर तिच्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी व्यंकटीकडं जाऊन तिनं त्या एका ओळीत घर खोडून तवा घालायला लावलं. खाली नागुबाईचा अंगठा, त्याखाली आपलं नाव, ठळक सही. या खेपेला अंगठा नाही दिला. व्यंकटीनं कागद कॉम्प्युटरवरून दिल्लीला धाडला. घटकाभरात उत्तर आलं, आपलं मत मिळालं, आभार. एवढ्या लवकर वाचलं कसं, असं तिनं विचारलं. कुणी वाचलेलं नाही, मशीन आपोआप उत्तर देतं, व्यंकटीनं सांगितलं. मग ती त्या मशीनलाही दोन शब्द बोलली.

ताब्याच्या दिवशी बेलीफ आला, बरोबर शेषेराव आणि त्याचा गडी. केवळाबाईचं बोचकं ओसरीवर तयार होतं. किल्लारीला धाकटी बहीण राहते, तिच्याकडं ती जाणार होती. आख्खी गल्ली बाहेर आली, आता बाई कसा तमाशा करते ते बघायला. तिनं काही केलं नाही. बेलीफ यादी वाचत होता, गडी वस्तूला हात लावून हो म्हणत होता. पंखे दोन. मिक्सर एक. डबे अकरा. लोखंडी तवा मोठा, एक.

गडी मागच्या चुलीपाशी गेला आणि रिकाम्या हातानं आला. शेषेरावानं स्वतः जाऊन बघितलं, माळाही चाचपला.

"तवा कुठाय?" त्यानं विचारलं.

"चोरीला गेला."

"कुणी नेला?"

"मी," केवळाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज चार घरं पलीकडं गेला. "जिचा व्हता तिच्या घरी, देगलूरला नेऊन दिला. जा, कर फिर्याद. चोरी केली म्हणून मला उभी कर कोर्टात. तिथं मला तव्यावर बोलायचंच हाय."

शेषेराव बेलीफाकडं बघायला लागला. बेलीफानं बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं, मग तव्यासमोर 'आढळला नाही' असं लिहिलं आणि पुढची वस्तू वाचली.